उस्ताद गनींचा बादगीर

इरावती सोहोनी हुशार होती, आणि हुशार माणसांना असते ती एक खोड तिलाही होती. जुन्या घरात एखादी गोष्ट चुकलेली दिसली, की ती आधी नकाशात नीट करायची आणि मग घर पहिल्यापासून तसंच होतं असं मानायची. पुण्याच्या कॉलेजात हेच शिकवलं होतं. त्याला ‘मूळ स्वरूपाची पुनर्रचना’ असं भारदस्त नावही होतं.

नवरा, शैलेंद्र, बँकेत. त्याच्या बदलीबरोबर ती बहारीनला आली आणि मनामातल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात लागली. दिवसभर मॉलचे जिने काढायची. पण तिचा जीव अडकला होता इराणी घरांत. दोन-तीन पिढ्यांपूर्वी समुद्र ओलांडून इराणातून आलेले लोक इथे आहेत, त्यांना अजम म्हणतात. त्यांनी येताना आपली घरं, म्हणजे घर बांधायची रीत, बरोबर आणली. त्या घरांवरून माणूस स्वतःला कुठला समजतो हे सांगता येईल का, हा तिच्या प्रबंधाचा विषय. त्यासाठी ती चाळिशीत फारसी शिकली. शैलेंद्र म्हणायचा, “सासूशी बोलायला कानडी नाही शिकलीस ती.” आणि ते खरं होतं.

शहाण्णव सालच्या जूनमध्ये तिला मनामातल्या नईम या जुन्या वस्तीत, एका गल्लीत, झोहरा आजींचं घर सापडलं. घरावर बादगीर होता. बादगीर म्हणजे वारा पकडणारा मनोरा: गच्चीवर चौकोनी उंच उभा, वरच्या तोंडातून वारा आत घ्यायचा आणि पोकळ पोटातून खालच्या खोलीत सोडायचा. इरावतीने असे पुष्कळ पाहिले होते, पण इतका देखणा एकही नाही. उत्तरेला आणि पश्चिमेला उंच कमानींची रांग, कमानींत गिलाव्याची जाळीदार नक्षी. मात्र कमानी बुजवलेल्या होत्या. पूर्वेच्या बाजूला गंजका पत्रा ठोकलेला. झालं, बाईंनी निदान केलं: उन्हाळ्यात इथला मुख्य वारा, शमाल, वायव्येकडून येतो, म्हणजे उत्तर-पश्चिमेच्या कमानी वाऱ्यासाठीच असणार, घरात एसी आला तेव्हा कुणीतरी अडाण्यासारख्या त्या बुजवल्या. तिने ऑफिसात येऊन नकाशा काढला आणि त्यात सगळ्या कमानी उघड्या दाखवल्या. फार सुरेख दिसत होतं.

एकच अडचण होती. झोहरा आजी म्हणत होत्या, “इसमें से हवा कभी नहीं आया.” इरावतीची पुस्तकी फारसी त्यांना कळेना, म्हणून त्या हिंदीवर आल्या होत्या. बाजारात शिकलेलं ते हिंदी खडबडीत होतं, पण अर्थ लख्ख होता. “मैं इधर पैदा हुआ. छोटा था तब से कभी नहीं आया.”

मग खोली उकडत असेल ना, असं इरावतीने विचारलं. आजींनी मान हलवली. नाही, पत्रा लागेपर्यंत गल्लीत सगळ्यांत थंड खोली हीच. या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत हे इरावतीच्या लक्षात आलं, आणि म्हाताऱ्या माणसांचा घोळ होतो असं म्हणून तिने ते सोडून दिलं.

आजींनी एक गोष्ट मात्र तेव्हा सांगितली नव्हती, ती त्यांच्या मुलाने, अमीरने सांगितली. अमीर सित्राच्या कारखान्यात सुपरवायझर होता, चांगलं इंग्रजी बोलायचा आणि त्याला बादगीर पाडायचा होता. शनिवारी गवंडी येणार होता.

“तुम्ही त्याला वारसा म्हणता,” तो म्हणाला. “माझा जन्म इथला, आईचा जन्म इथला, आणि आम्हाला पासपोर्ट नाही. अर्ज करून दमलो. माझ्या मुलीला परदेशात शिकायला जायचंय, कुठल्या कागदावर पाठवू? हा मनोरा तीन गल्ल्यांवरून दिसतो. जो बघतो तो विचारतो, तुम्ही मूळचे कुठले? आणि तोंड तर बघा त्याचं, पूर्वेला! लोक म्हणतात, अजूनही इराणकडे बघतोय.”

“ते तोंड नाहीच,” इरावती म्हणाली. “खरी तोंडं बुजलेली आहेत. ती उघडली की हा या गावच्या वाऱ्यासाठी बांधलेला आहे हे कुणालाही दिसेल.”

अमीर हसला, पण वाईट हसला. “माझ्या आजोबांना गल्ली काय म्हणायची ठाऊक आहे? उलटा उस्ताद. उस्ताद गनी मोठे कारागीर, सगळ्यांचे बादगीर बांधले, आणि स्वतःच्या घरावर बांधताना वाऱ्याकडे पाठ करून बसले. आईला शाळेत मुली चिडवायच्या. पाडून टाकला तर तिचंही एक दुखणं जाईल.”

आजी तिथेच बसल्या होत्या. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण ‘उलटा उस्ताद’ हे नाव अमीरने अरबीत घेतलं होतं. त्यांनी पदर, म्हणजे ती काळी अबाया, तोंडाजवळ ओढली. इरावतीला त्यांची फार दया आली आणि त्या उस्तादाच्या वतीने रागही. ती म्हणाली, “शुक्रवारी एक दिवस द्या. मी सिद्ध करते. वारा आला तर पाडायचा नाही.”

“आणि नाही आला तर शनिवारी तुम्ही मध्ये पडायचं नाही,” अमीर म्हणाला. “खलास.”

शुक्रवारी ऑफिसातला हारून ड्राफ्ट्समन छिन्नी-हातोडा घेऊन आला. हा रत्नागिरीकडचा, सुट्टीच्या दिवशी कामाला लावलं म्हणून कुरकुरणारा, पण इरावतीचं काम म्हटल्यावर येणारा. शमाल सकाळपासूनच सुटला होता. आकाश पिवळट, दाताखाली वाळू. गच्चीवर उभं राहवत नव्हतं. हारूनने उत्तरेच्या पहिल्या कमानीतला गिलावा अलगद काढला. आत दगड. दुसऱ्या कमानीत दगड. तो पश्चिमेला गेला, तिथेही तेच: समुद्रातून काढलेला सच्छिद्र पांढरा दगड, थरावर थर, भिंतीच्या थरांत नीट गुंतलेला.

“मॅडम,” हारून म्हणाला, “हे कोणी मागाहून भरलेलं नाय हां. भिंतच हाय ही. कमानी नुसत्या शोभेच्या.”

इरावतीने स्वतः हात लावून पाहिलं. सांधा कुठेच नव्हता. म्हणजे तिच्या सुरेख नकाशातल्या सगळ्या कमानी तिच्याच डोक्यातल्या होत्या आणि घरात कधीच नव्हत्या. मनोऱ्याला एकच तोंड होतं, पूर्वेचं. उस्ताद गनींनी खरोखरच वाऱ्याकडे पाठ केली होती. तिला रडू येईलसं वाटलं. प्रबंधाचं प्रकरण गेलं त्याचं एवढं नाही, पण खाली बसलेल्या त्या बाईला आता काय सांगायचं?

“निदान ते तोंड मोजून घेऊ,” ती म्हणाली. “उद्या राहायचं नाही.” हारूनने पूर्वेचा पत्रा उचकटला, तिने टेप लावला, माप घेतलं, आणि दोघं खाली उतरली.

हातोड्याच्या ठोक्यांनी मनोऱ्याच्या पोटातली जुनी धूळ खोलीत उतरली होती, म्हणून आजींनी अंगणाकडची, अगदी जमिनीलगतची बुटकी झडपं उघडून टाकली होती. अमीर दारात उभा होता. इरावतीने मान खाली घालून सांगितलं, “तुमचं बरोबर होतं. एकच तोंड आहे आणि ते चुकीच्या बाजूला आहे.”

अमीरने हे आईला सांगितलं. आजी उठल्या, आत गेल्या आणि धूपदाणी घेऊन आल्या. इथल्या घरांत पाहुण्यापुढे उदाचा धूप फिरला की भेट संपली असं समजायचं; हा निरोप. इतका सभ्य निरोप इरावतीला कुणी दिला नसेल, आणि इतका जिव्हारी लागणाराही. तिने रीतीप्रमाणे पुढे होऊन धूर ओढणीवर घ्यायला हात पसरले.

धूर तिच्याकडे आलाच नाही.

निखाऱ्यावरून तो हातभर वर चढला, वाकला, आणि जमिनीला समांतर चालू लागला. इरावतीला वाटलं, कुणी पंखा लावला. पंखा बंद होता. धूर खोली ओलांडून निघाला, रोजची वाट असल्यासारखा, न घुटमळता. बादगीराच्या पोकळीखाली पोचला आणि तिथून सरळ वर उचलला गेला. ती धावत जाऊन पोकळीखाली उभी राहिली. वर दिसणाऱ्या उजेडाच्या चौकोनाकडे तो निळसर धूर सरसर चढत होता आणि पूर्वेच्या तोंडातून बाहेर पडत होता. तिचे केस वर उडाले. आणि मागून, अंगणाच्या बुटक्या झडपांतून, तिथल्या हौदाच्या पाण्यावरून आलेली गार हवा तिच्या पायांना लागली, मग गुडघ्यांना, मग कमरेला.

“या अल्ला,” हारून म्हणाला, आणि त्याची कुरकुर तिथे संपली.

शमाल मनोऱ्याच्या पाठीवर आदळत होता आणि दोन्ही बाजूंनी पुढे निसटताना पूर्वेच्या तोंडातून घरातली हवा ओढून नेत होता. वारा खाली उतरवायचाच नव्हता. उतरला असता तर ही पिवळी वाळू घेऊन उतरला असता. इथे तापलेली हवा वर जात होती आणि तिची जागा घ्यायला अंगणातली सावलीतली हवा आत येत होती. घर श्वास घेत होतं. इरावतीने हे पुस्तकात वाचलेलं होतं, समीकरणासकट. पण ती तोंड उघडं टाकून उभी राहिली. देवळात उभं राहिल्यावरही तिला कधी असं वाटलं नव्हतं.

“आजी,” तिने विचारलं, “उस्तादांच्या गावाला वारा कुठून यायचा?”

“पूरब से. पहाड से ठंडा हवा,” आजी म्हणाल्या. त्यांची नजर धुरावरून हलत नव्हती. “पहला साल हवा नहीं आया. सब लोग हँसा. बोला, तोडो, घुमाओ. बाबा ने नहीं घुमाया. बाबा ने वो नीचे का खिडकी बनाया.” त्यांनी झडपांकडे हात केला. “मैं समझा, जिद है.”

इरावतीला सगळं एकदम दिसलं, आणि दिसल्याबरोबर तिच्या प्रबंधातलं कोष्टक निकामी झालं: इराणी इकडे, इथलं तिकडे. या माणसाने सवयीने आपल्या गावचा मनोरा बांधला होता. तो इथे चुकला. मग त्याने मनोऱ्याला हात लावला नाही. या बेटाचा वारा काय करतो ते बघत राहिला आणि जमिनीलगत चार झडपं काढली. आता ते तोंड कुठल्या देशाचं आणि झडपं कुठल्या देशाची, हे कुणी सांगावं? तिला तर सांगता येईना. सांगता येत नाही याचा तिला आयुष्यात पहिल्यांदा आनंद झाला.

अमीर पोकळीखाली येऊन उभा राहिला. त्याचा घामाने भिजलेला शर्ट बघता बघता सुकला. त्याने वर उजेडाच्या चौकोनाकडे बघितलं. मग म्हणाला, “पत्रा मीच ठोकला होता. एसी नवीन आला तेव्हा.”

“उद्याच्या गवंड्याचं काय?” हारूनने विचारलं.

“येऊ दे,” अमीर म्हणाला. “वरच्या कमानी फोडल्यात त्या भरून घ्यायच्यात. होत्या तशा.” पासपोर्टचं तो काही बोलला नाही. त्याबाबतीत काहीच बदललेलं नव्हतं, हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

आजींनी धूपदाणीत आणखी एक खडा टाकला. गल्लीकडचं दार उघडून त्या उंबऱ्यावर गेल्या. कुणाला तरी बोलावून हे दाखवायचं होतं त्यांना. त्यांनी समोरच्या दाराकडे पाहिलं, डावीकडच्या पाहिलं. चिडवणाऱ्या मुली, त्यांचे बाप, हसणारी ती सगळी गल्ली कधीच मरून किंवा मुहर्रकच्या नव्या घरांत निघून गेली होती. समोर आता मंगळूरकडचा एक शिंपी राहत होता. तो मशीनवरून डोकं वर काढून त्यांच्याकडे बघत होता.

आजींनी त्यालाच हाक मारली. “आओ,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फुटला, “इधर आओ, देखो. मेरा बाप ने बनाया.”