कलमाखालचा खुंट

वर बघू नका. बोलतोय तो मी, इथे खाली, मातीला चिकटून. मी गुलाबाचा खुंट. फुलाची ओळख कुणाला करून द्यावी लागत नाही, माझी मलाच द्यावी लागते.

मी मूळचा रानगुलाब. ओढ्याकाठच्या कुंपणात वाढत होतो. एका सलूनवाल्या दादाने माझी वीतभर काडी तोडून आणली आणि मागच्या भिंतीशी खोचली. मी मुळं धरली, जोमाने वर आलो. वाटलं, आता आपलं कौतुक होणार. तर एक दिवस दादा वस्तरा घेऊन माझ्यासमोर उकिडवा बसला. माझ्या सालीला त्याने उभी-आडवी चीर दिली. बायकोच्या माहेरच्या लाल गुलाबाचा एक डोळा, म्हणजे पानाच्या बगलेतला इवलासा कोंब, सालीसकट काढून माझ्या सालीत सरकवला आणि वरून पट्टी बांधली. डोळा फुटला तसा माझा शेंडा छाटून टाकला. झालं! त्या दिवसापासून झाड त्या लाल गुलाबाचं, लाल्याचं; मुळं तेवढी माझी.

पाणी मी ओढायचं, खत मी पचवायचं, आणि मिरवायचं त्याने. दादाची बायको, म्हणजे आमच्या घरची वहिनी, त्याचं तळहाताएवढं फूल बघून म्हणायची, "अगदी आमच्या अंगणातलं!" पुढे तिचं माहेरचं घर विकलं गेलं, तिथला गुलाब उपटला गेला. मग तर ह्याचे लाड विचारूच नका. मी कधी बुडातून एखादी फूट वर काढली, की दादा ती बोटाने मुळापासून ओढायचा. "चोर फूट," म्हणायचा. माझ्याच अंगातून निघालेली, आणि चोर!

मग दादा गेला. तीन दिवस ताप आला, चौथ्या दिवशी दवाखान्यात नेला, तो परत आलाच नाही.

त्याच सुमारास शेजारच्यांनी तीन मजले चढवले आणि मागच्या भिंतीशी ऊन येईनासं झालं. लाल्या पिवळा पडला, पानं गाळू लागला. दादाचा धाकटा भाऊ सलूनमधून जेवायला आला होता. ताटावरून तसाच उठला आणि झाड उन्हात हलवायला भर दुपारी फावडं घेऊन मागे आला.

"भाऊजी, ऊन उतरू द्या," वहिनी म्हणाली. "आधी कुणाला विचारा तरी."

"कुणाला विचारू? ज्याला विचारायचं तोच गेला."

घाव घालत सुटला. माझी अर्धी मुळं तुटली. पुढच्या फाटकाजवळ खड्डा खणून त्याने मला पुरलं आणि बादलीभर पाणी ओतलं.

लाल्या शेंड्याकडून वाळत आला. आणि मी? अहो, कलम झाल्यापासून मला पहिल्यांदा असं उघडं ऊन मिळालं! बुडातून तीन धुमारे काढले, चांगले बोटभर जाड. धाकटा नाचायचाच काय तो बाकी होता. "वहिनी, दादाचं झाड जगलं!" त्याने माझ्या धुमाऱ्यांना काठ्या बांधल्या. त्यांना अडचण नको म्हणून लाल्याच्या वाळक्या फांद्या कापल्या. खोटं कशाला बोलू? दोन महिने पाण्याचा थेंबन् थेंब मी माझ्या धुमाऱ्यांना पाजला. वर फारसं काही जाऊ दिलं नाही.

आणि मी फुललो. लहान लहान, पांढरी, झुबक्याने.

वहिनी ओल्या हातांनीच बाहेर आली. "भाऊजी, हे पांढरं आहे."

"जागा बदलली ना, रंग बदलला असेल."

"असा नाही हो बदलत. ही चोर फूट आहे. तुमचे दादा उपटून टाकायचे ती."

तिने लाल्याला शोधलं. वीतभर हिरवी काडी उरली होती. ती आत निघून गेली. आयुष्यातला माझा पहिला बहर, आणि माझ्याकडे कुणी धड पाहिलंही नाही.

"मग इतके दिवस पाणी कुणाला घातलं मी!" धाकटा ओरडला. दोन्ही हातांनी मला धरून उपटायलाच निघाला होता, तेवढ्यात हिरव्या काडीवर त्याची नजर गेली. तिच्यावर तीन डोळे जिवंत होते. तो पळत सलूनमध्ये गेला आणि दादाचा वस्तरा घेऊन आला.

पहिला डोळा त्याने माझ्या एका धुमाऱ्यात भरला. चीर खोल गेली होती, मीही सांभाळून घेतलं नाही. डोळा काळा पडला. दुसऱ्या धुमाऱ्यातला नीट बसला होता. त्याला मी रसच दिला नाही. आठ दिवसांत गळून पडला. मला बरं वाटलं.

तिसऱ्याच्या वेळी धाकटा माझ्याजवळ येऊन बसला. वस्तरा मिटलेलाच होता. मग खाली बघत बोलू लागला.

"दुकानात रोज ऐकतो, दादाच्या हाताची सर नाही. गिऱ्हाईक माझ्या खुर्चीत बसतं आणि आरशात दादाला शोधतं. मेलेल्या माणसाचा हेवा वाटतो मला. सख्ख्या भावाचा. हे सांगायचं तर दादालाच सांगितलं असतं."

मला वाटायचं, जळणं हे माझं एकट्याचं. मग त्याने चीर दिली. ती वाकडी गेली. मी तो डोळा धरला. का धरला, ते विचारू नका.

बावीस दिवसांनी त्याने पट्टी सोडली. डोळा हिरवागार होता. वहिनी वाकली, पण बोट लावायला धजली नाही.

"यांच्याच हातचं वाटतंय," ती म्हणाली.

"नाही वहिनी. हा मी भरलाय." एवढ्या मोठ्याने बोलला, की रस्त्यावरचा माणूस वळून बघू लागला.

वहिनीने पदराने डोळे पुसले. "हो हो, तुमच्याच हातचा. चीर बघा की किती वाकडी आहे!" आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदा दोघं हसली.

खुंटाचं नाव तेव्हाही कुणी घेतलं नाही. जळतोय मी अजून. उद्या त्या डोळ्यासाठी माझे शेंडे छाटणार आहेत, कात्री ओट्यावर काढून ठेवली आहे. छाटा. पाणी मी ओढीन, वर पाठवीनही. फक्त त्याआधी फाटकाशी जरा थांबा. माझा पांढरा झुबका अजून आहे. एकदा नाक लावून बघा. वास त्यालाही आहे.