चंपतरावांचा खांदा

वैभवीला खांद्यातल्या एकाही हाडाचं नाव येत नव्हतं, आणि तरी तिचं चित्र पाहिलं की माझ्या पोटात दुखायचं.

मी वर्षभर हाडं घोकली होती. टेबलावर प्लास्टिकची कवटी, भिंतीवर स्नायूंचे तक्ते. बेसा गावातल्या आमच्या चित्रकलेच्या वर्गात मला सगळे 'डॉक्टरीणबाई' म्हणायचे. सर मात्र थांबायचे ते वैभवीच्याच बोर्डाजवळ.

या वेळी समोर बसायला उमरेडचे विणकर चंपतराव आले होते. दिल्लीच्या प्रदर्शनाला वर्गातलं एकच व्यक्तिचित्र जाणार होतं, आणि ते मला माझंच हवं होतं.

तिसऱ्या दिवशी वैभवीनं हाक मारली. "कामिनीताई, पाहा ना. उजवा खांदा चुकून राहिला का?"

तिनं तो डाव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली काढला होता. मी ठसक्यात म्हटलं, "काहून वाकडा काढला वं? दोन्हीकडची हाडं सारखीच असतात. पुसून टाक."

"तुम्ही शिकल्या आहा," म्हणत तिनं खोडरबर उचललं.

जागेवर येऊन मी चंपतरावांकडे नीट पाहिलं. खांदा खरंच खाली होता. वर्षभर मी तक्तेच पाहत होते, माणूस पाहिलाच नव्हता. तिला थांबवायला एक हाक पुरली असती. मी ती मारली नाही. माझा सरळ खांदा पुसला आणि तिचा तिरपा खांदा माझ्या कागदावर घेतला. आयत्या बिळावर नागोबा!

सरांनी माझं चित्र निवडलं. "अभ्यास दिसतो," म्हणाले.

चंपतरावांनी माझं आणि वैभवीचं अशी दोन्ही चित्रं पाहिली. मला म्हणाले, "हा खांदा बरोबर धरला पोरी तुनं. चाळीस वर्सं यानंच मागावर धोट्याची दोरी ओढली." मग वैभवीच्या चित्राकडे वळून हसले. "हिनं त मले सरळच करून टाकलं!"

सगळे हसले. वैभवीही हसली.

जिन्यात तिनं मला गाठलं. "ताई, मले हाडं शिकवान का? मले तो खाली दिसला होता, पण नेमकं काहून ते समजलं नाही, म्हणून पुसला. तुम्हाले हाडं येतात, म्हणून मागून तरी समजलं. आता नुसत्या डोळ्यावर भरोसा नाही ठेवत मी."

तेव्हा तरी मी खरं सांगायला हवं होतं.

"ये सोमवारी," मी म्हटलं. "कवटीपासून सुरू करू."