सोजरबाईनं निवडलेला गड्डा

सायलीचा पाय सकाळपासून एका जागी ठरत नव्हता. जऊळक्याजवळच्या त्यांच्या मळ्यात हळद शिजवायचा नवा कुकर धडधडत होता, त्याच्या बंद पिंपात शेजारच्या शेषरावांची हळद होती, आणि ती किती वेळ शिजवायची हे सायलीच्या गणितानं ठरलं होतं. शेषराव बांधावर बसून तंबाखू मळत होते. तिचे वडील जगदेव मोबाइलवर वेळ लावून पिंपाजवळ ताठ उभे होते. मुलीच्या हुशारीचा जाहीर कार्यक्रमच ठेवला होता त्यांनी.

एरवी गड्ड्याला फुटलेली हळकुंडांची बोटं मोडून सुटी करायची आणि मग शिजवायची, ही रीत. यंदा मोडायला माणसं मिळेनात, म्हणून गावच्या शेतकरी गटानं अख्खे गड्डेच शिजवायचं ठरवलं. पण अख्खा गड्डा किती वेळात शिजतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कच्चा राहिला तर वाळताना आतून कुजणार, जास्त झाला तर रंग उडणार, आणि पिंप मधेच उघडलं की वाफ जाणार. तेव्हा जगदेव छातीठोकपणे म्हणाले होते, "आमची सायली नागपूरले हेच शिकून राह्यली. गर्मी कोणत्या वस्तूत कशी शिरते ते." आणि पहिल्या घाण्याचा मान त्यांनी शेषरावांना दिला. मान दिला ते ठीक, पण माल दुसऱ्याचा होता.

गोल चेंडू असता तर उष्णतेचं समीकरण कागदावर सुटलं असतं. हळदीचा गड्डा असा सरळ वागत नाही. म्हणून सायलीनं घरून एक गड्डा मागवला, त्याचा स्कॅन केला, संगणकावर त्याचे हजारो बारीक तुकडे पाडले आणि एका तुकड्यातून शेजारच्या तुकड्यात उष्णता किती सरकते हे जुळवत त्याच्या पोटापर्यंत पोचली. वाकड्यातिकड्या आकारात हे गणित हमखास रुसून बसतं. तिचं पहिल्याच फटक्यात सुटलं. "फार गुणी आकार मिळाला तुला," सर म्हणाले होते, आणि ती दोन दिवस हवेत होती. आज मात्र तेच वाक्य तिला टोचत होतं. हळदीचा गड्डा गुणी कधीपासून झाला?

तिची आई सोजरबाई चहा घेऊन आली. "काहून येरझारा घालून राह्यली? बस ना घडीभर."

"बसवत नाही, माय."

"तुले पाठवला तो गड्डा बरा होता ना?"

"चांगला होता. सरांनी तारीफ केली."

सोजरबाईचा चेहरा खुलला. "करतीनच. अर्धा दिवस मोडला माहा त्याच्यात. आडवीतिडवी बोटं काढून टाकली, खाचंतली माती बुरशानं घासली. एवढ्या मोठ्या कॉलेजात चालला, लोक म्हनतीन जगदेवच्या घरची हळद वेडीवाकडी."

सायलीच्या हातातला कप तसाच राहिला. तिनं पुढच्या घाण्यासाठी रचलेल्या ढिगाकडे पाहिलं. बोटांत बोटं अडकलेली, खाचाखाचांत माती घट्ट बसलेली. तिथं वाफ शिरणार कुठून? तिनं गणित केलं होतं ते पाहुण्यांसमोर नटूनथटून बसवलेल्या गड्ड्याचं. पिंपात होते ते घरच्या अवतारातले. ते कच्चे निघणार, याबद्दल आता तिला तिळमात्र शंका उरली नाही.

मोबाइल वाजला. जगदेवांनी झाकणाच्या चाकाला हात घातला. मायनं गड्डा सजवून पाठवला, एवढं एक वाक्य सायलीनं म्हटलं असतं तरी तिची सुटका होती. पण पिवळ्या हातांनी चहा ओतत सोजरबाई अजून हसत होती, आणि चार लोक उभे होते.

"बाबा, उघडू नका."

"काहून? टाइम झाला ना."

"माझं गणित चुकलं."

शेषराव उठून उभे राहिले. "चुकलं म्हंजे? माहा माल हाय पोरी आतमंदी."

जगदेवांचा चेहरा उतरला. "पक्कं म्हनली होती तू," ते हळू आवाजात म्हणाले. "मंग आता किती?"

नव्यानं गणित मांडावं, तर संगणक नागपूरला, आणि असता तरी त्याला रात्र लागली असती. ती ढिगाकडे धावली, सगळ्यात मोठा गड्डा उचलून वितीनं मोजला. बोटं, खाचा, माती, सगळं सोडून दे, तिनं स्वतःला बजावलं. हा अख्खा गड्डा ज्याच्या पोटात मावेल असा एक भरीव चेंडू धर. चेंडूला शिजायला गड्ड्यापेक्षा जास्तच वेळ लागेल. म्हणजे चेंडू मधोमध शिजला, तर त्यात मावणारा कसलाही वेडावाकडा गड्डा शिजलाच. चेंडूचं गणित सोपं, तिनं ते उभ्याउभ्या मोबाइलवर केलं. वेळ बराच निघाला.

"रंग थोडा उतरेल काका. पण कच्ची राहणार नाही."

शेषरावांनी जगदेवांकडे पाहिलं. जगदेवांनी खाली वाकून भट्टीत लाकडं सारली.

तो वेळ सायलीनं कसा काढला ते तिलाच माहीत. शेवटी पिंप उघडलं. जगदेवांनी सगळ्यात जाड गड्डा विळ्यानं मधोमध कापला. तो थेट आतपर्यंत शिजला होता. शेषरावांनी फोड बोटांनी चोळली, उन्हात धरली. "फिक्की पडली," ते म्हणाले. "वाया नाही गेली, हे खरं." आणि चहा न घेता निघून गेले. त्या दिवशी जगदेव लेकीशी एक शब्द बोलले नाहीत, आणि तिला ते फार लागलं.

सकाळी ती नागपूरला परतायला बॅग भरत होती तेव्हा सोजरबाई आत आली. हातात कागदात गुंडाळलेला एक गड्डा होता, मातीसकट, ढिगातला सगळ्यात ओंगळ.

"म्या घासलेल्या गड्ड्यापायीच चुकलं ना? माह्यावरचं तू कायले घेतलं अंगावर?"

"माझंच होतं, माय. कसा निवडला ते मी विचारायला पाहिजे होतं."

"हा ने. धुवू नको. कोनी हासतीन त हासू दे."

"एका गड्ड्यानं काय होते?" बाहेरून जगदेवांचा आवाज आला. सायली दारात आली. अंगणात पोत्याचं तोंड शिवून ते उभे होते. त्यांच्या सदऱ्यावर ओली माती होती.

"लहान, मोठे, वाकडे, सारे टाकले याच्यात," ते तिच्याकडे न पाहता म्हणाले. "पुढच्या साली शेषरावचा घाना पहिला लावायचा हाय. या खेपेले नीट सांगजो." आणि पोतं खांद्यावर घेऊन ते स्टेशनाच्या रस्त्याला लागलेसुद्धा.