ग्रिगोरे कोणत्या बाजूला?

मोठ्या उपासाआधीच्या शनिवारी मी चर्चच्या ओसरीत टेबल मांडून बसतो आणि नजर अधू झालेल्यांना नावांची चिठ्ठी लिहून देतो. मधोमध रेघ, एका बाजूला जिवंत, दुसऱ्या बाजूला गेलेले. आडनाव नाही, हुद्दा नाही, फक्त बाप्तिस्म्याचं नाव. फादर व्हिसारियोन नावं वाचतात आणि प्रार्थना करतात.

त्या वर्षी अग्लायाबाई गेलेल्यांच्या नावाने उकडलेल्या गव्हाचं ताट घेऊन आल्या. त्यांचे यजमान ग्रिगोरे पूर्वी शेतीखात्याचे मंत्री होते. नवं सरकार आलं आणि सहा वर्षांपूर्वी त्यांना अर्ध्या दाढीवरून उठवून नेलं. तेव्हापासून जिवंतांत पहिलं नाव त्यांचंच.

गेलेल्यांची बाजू झाली. मी जिवंतांच्या बाजूला वळलो, तर बाईंनी माझा हात धरला.

"थांबा, मास्तर. त्यांना पाठवलेलं पार्सल परत आलंय. वर लिहिलंय, या नावाचा इसम येथे नाही."

"दुसऱ्या तुरुंगात हलवलं असेल."

"आणि तोडेराश म्हणतो, हिवाळ्यात तिथे एक मंत्री गेला."

तोडेराश पत्रेवाला नुकताच त्याच तुरुंगातून सुटला होता. तो रांगेत मागेच होता.

"शेजारच्या कोठडीतून भिंत ठोकून कळवलं कोणीतरी," तो म्हणाला. "पण मंत्री काय एकच होता, बाई? अख्खं मंत्रिमंडळ भरलं असतं तिथे!"

"उंच होता का रे?"

"भिंतीतून उंची कशी कळणार?"

फादर आतून आले. "मास्तर, लिहा की कुठेतरी! रांग फाटकापर्यंत गेलीय."

"कुठेतरी कसं, फादर?" बाई म्हणाल्या. "जिवंत माणूस गेलेल्यांत टाकू?"

"देव बघून घेईल."

"सहा वर्षं बघतोच आहे तो."

उत्तर येत नसेल तर जागा सोडा, अंदाजाने लिहू नका, असं मी वर्गात मुलांना सांगतो. मी जागा सोडली. चिठ्ठी टोपलीत गेली.

वाचन सुरू झालं. कोणाच्या तरी चिठ्ठीतले गेलेले वाचताना फादर म्हणाले, "ग्रिगोरे."

बाईंच्या हातातलं ताट कलंडलं. वाचन संपताच त्या टोपलीपाशी गेल्या. मी चिठ्ठ्या तपासू लागलो. पाच ग्रिगोरे निघाले. तीन जिवंत, दोन गेलेले. गेलेल्यांपैकी एक गिरणीवाल्याचा बाप. दुसऱ्याचं अक्षर कोणालाच ओळखता येईना.

"तोडेराश, तू लिहिलंस?"

"मला सही येत नाही, बाई! माझी चिठ्ठी मास्तरांनीच लिहिली."

खरं होतं. त्याच्या चिठ्ठीत ग्रिगोरे नव्हता. मग हा कोणाचा? गावात कोणाला काही ठाऊक होतं, की हा कोणाचा पणजोबा? बाई माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांची चिठ्ठी शोधून समोर ठेवली.

शेवटी त्यांनी माझ्या हातातून लेखणी घेतली. बोटाने रेघ चाचपली आणि जिवंतांच्या बाजूला वाकड्यातिकड्या अक्षरांत नाव लिहिलं.

"ते गेले असतील आणि मी इकडे लिहिलं, तर मला माफ करतील," त्या म्हणाल्या. "पण जिवंत असतील आणि तिकडे टाकलं, तर आल्यावर जन्मभर ऐकवतील. ओळखते मी त्यांना. फादर, वाचा."

फादरनी माझ्याकडे पाहिलं. मी नुसते खांदे उडवले. त्यांनी चष्मा चढवला आणि ते एकच नाव मोठ्याने वाचलं.