जांभूळ गप्प का झाला?

मित्रांनो, जरा कल्पना करा. बाहेर अबू धाबीचे ऊन असे तापले आहे की गाडीचे दार उघडायला रुमाल लागतो. तुम्ही एका इमारतीत शिरता आणि आत एकदम अंगावर काटा आणणारी थंडी. खाऱ्या पाण्याचा वास, माशांचा त्याहून मोठा वास, आणि कुठेतरी कोकरासारखे बें-बें ओरडणारे कुणीतरी. त्या आवाजाच्या दिशेने चालत आलात की तुम्हाला माझे गज दिसतील.

मी एक जुने लोखंडी फाटक आहे. माझा जन्म हमरियातल्या एका कारखान्यात झाला. पुढे अल कुसैसच्या एका गोदामात मी कांद्याच्या गोण्यांची ये-जा पाहिली. गोदाम बंद पडले तेव्हा मला भिंतीला टेकवून ठेवले आणि सगळे विसरून गेले. भंगारात जायचेच बाकी होते. तेवढ्यात हमदुल्ला आला. समुद्री प्राण्यांच्या शुश्रूषा केंद्रातला हा फिटर. त्याने माझ्यावर बोटांनी टकटक केले, गंज खरवडला, रंगाचे दोन हात दिले आणि मला इथे आणून बसवले.

माझ्या एका बाजूला गोट्यांचे कोरडे अंगण आहे आणि दुसऱ्या बाजूला थंड पाण्याचा खोल तलाव. या दोहोंच्या मध्ये मी. माझ्या वाटेने ये-जा करते ती दाना. दाना ही फर सील आहे. दाट मऊ लव, इवलेसे कान आणि वल्ह्यांसारखे पुढचे पाय. इथल्या अरबीत दाना म्हणजे मोठा मोती. दूरच्या समुद्रात जाळ्यात अडकून ती जखमी झाली होती. आता एकटीने समुद्रात जगणे तिला जमणार नाही, म्हणून ती इथेच राहते.

तिला पिल्लू झाले ते काळेभोर आणि तुकतुकीत. अनुराधाताईंनी त्याचे नाव जांभूळ ठेवले. या ताई मूळच्या पुण्याच्या. दानाची देखभाल त्यांच्याकडे असते. हमदुल्ला मात्र पिल्लाला "साहब" म्हणायचा. म्हणे, हा दिवसभर झोपतो आणि उठला की ओरडतो, मग साहेब नाही तर काय?

फर सीलच्या आईची एक रीत आहे. बाळ थोडे मोठे झाले की ती त्याला काठावर ठेवून पाण्यात जाते, कितीतरी दिवस पोटभर मासे खाते आणि घट्ट, सायीसारखे दूध घेऊन परतते. तोवर पिल्लू उपाशीच असते. अंगावरच्या चरबीवर तग धरते आणि झोपून ताकद राखते. परतल्यावर आई हाक मारते, पिल्लू ओ देते. आवाज ओळखीचा वाटला की दोघे नाकाला नाक लावून खात्री करतात, आणि मगच दूध. दुसऱ्याच्या पिल्लाला ती जवळसुद्धा करत नाही.

बाळ झाल्यावर दाना पहिल्यांदा तलावात उतरली आणि पिल्लू मागोमाग पाण्यात पडू नये म्हणून मला बंद केले, त्या आठवड्याची ही गोष्ट.

तो शनिवार होता. घरी कुणी नव्हते, म्हणून अनुराधाताईंनी आपल्या मुलीला, सृष्टीला, सोबत आणले होते. सृष्टी तिसरीत होती. खलिफा सिटीतल्या घरी आई ड्युटीवर गेली की ती आईचे व्हॉइस मेसेज ऐकत बसायची. तेवढ्याने तिला बरे वाटायचे. मागच्या खेपेला तिने दानाची हाक टॅबमध्ये रेकॉर्ड करून ठेवली होती. ताई मासे कापायला आत गेल्या. अंगणात जांभूळ रडत होता. सृष्टीला त्याची दया आली आणि माझ्या कडेला उभी राहून तिने ती हाक वाजवली.

जांभूळ धडपडत उठला. ओ देत देत गोट्यांवरून घसरत आला आणि माझ्या गजांवर आदळला. पलीकडे कुणीच नव्हते. तो परत गेला. तिने पुन्हा वाजवली. तो पुन्हा आला. सृष्टीला वाटले, त्याला किती आवडतेय! ती वाजवत राहिली, तो आदळत राहिला. शेवटी तो लांब कोपऱ्यात जाऊन, भिंतीकडे तोंड करून पडला. मग कितीही वाजवली तरी त्याने मान वळवली नाही. मला गज आहेत, मित्रांनो, गळा नाही. मी काय सांगणार?

आणि दुपारी खरी दाना आली.

ओल्या अंगाने माझ्यापाशी उभी राहून तिने हाक मारली. आतून ओ आली नाही. तिने पुन्हा हाक मारली. शांतता. ती माघारी वळून काठावर जाऊन बसली. केंद्रातल्या प्राण्यांच्या डॉक्टर नबिला धावत आल्या. त्यांनी पिल्लाकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. ओ देण्याइतकीही ताकद उरलेली दिसत नाही, आता याला आतल्या खोलीत नेऊन बाटलीने दूध पाजू, असे त्या म्हणाल्या. अनुराधाताईंचे डोळे भरून आले. एकदा माणसांच्या हातांचा आणि बाटलीचा वास लागला, तर दाना त्याला ओळखेल की नाही याची खात्री नव्हती. हमदुल्ला टोपली घेऊन आला.

सृष्टी भिंतीला चिकटून उभी होती.

"आई, वेट," ती म्हणाली. "ही इज नॉट वीक. मी वाजवला दानाचा आवाज. मेनी टाइम्स."

ताईंनी वळून पाहिले. "किती वेळा?"

"खूप. आता त्याला वाटतंय, परत मीच आहे."

कुणीही रागावले नाही. डॉक्टर नबिलांनी पुन्हा पिल्लाकडे वाकून पाहिले. मग म्हणाल्या, "टोपली ठेवा. संध्याकाळपर्यंत थांबू."

"हमदुल्लाभाई," ताई म्हणाल्या, "फाटक थोडासा खोलो. बस, एक हाथ."

"इन्शाल्ला, मॅडम," म्हणत त्याने माझी कडी काढली. मी हातभर उघडले. आवाजावरचा पिल्लाचा विश्वास उडाला होता. पण वास काही टॅबमध्ये भरता येत नाही. दाना पुन्हा आली. तिने त्या फटीत नाक घातले आणि हाक मारली. थंड वाऱ्याच्या झोताबरोबर तिचा वास अंगणात गेला. कोपऱ्यातला काळा गोळा हलला. त्याने मान वर केली, पण ओ दिली नाही. तो सरपटत, थांबत, हुंगत आला. माझ्या फटीपाशी नाकाला नाक लागले.

आणि तेव्हा त्याने ओ दिली. बारीक, चिरकी, पण खणखणीत.

मला सताड उघडण्यात आले. थोड्याच वेळात अंगणात दूध पिण्याचा चुटूचुटू आवाज तेवढा राहिला. हमदुल्लाने माझ्या खांबावर थाप मारली आणि बिजागरीत तेल सोडले. कितीतरी दिवसांनी!

मित्रांनो, मी जुने आहे. माझ्या जागी विजेवर चालणारे दार बसवायचे बोलणे चालू आहे. बसवोत. पण बाळाचे रडे थांबवण्याची घाई करू नका, एवढे मात्र ध्यानात ठेवा. आधी त्याला काय हवे ते पाहा. कधी त्याला नुसते थांबणारे माणूस हवे असते. आणि चूक झालीच, तर ती सांगायला उशीर करू नका.

दूध पिऊन जांभूळ बाळसे धरू लागला. काही दिवसांनी दाना पुन्हा खोल पाण्यात गेली. त्या शनिवारी सृष्टी आली आणि माझ्यापासून बऱ्याच लांब, जमिनीवर बसली. जांभूळ रडू लागला. ती एकदम उठायला गेली. पण तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि तशीच बसून राहिली, तो झोपेपर्यंत.