डावा कान

आम्हा कर्मचाऱ्यांच्या विसाव्याच्या शिबिराला जायचं म्हटल्यावर सगळ्यात जास्त कुरकुर मीच केली. गावोगावची पोरं तपासायची राहिलीत आणि आपण डोंगरावर जाऊन लोळायचं? आमची संस्था लहान मुलांचे कान तपासते. अकरा वर्षं मी तिची गाडी हाकतोय. वय एकसष्ट.

"सागिन आके, दोन दिवसांत काही आभाळ कोसळत नाही," डॉक्टर बुरुलकान म्हणाली. आमच्याकडे वडीलधाऱ्याला आके म्हणतात. संस्था तिचीच. तिच्यापुढे कुणाचं चालतंय!

खरं सांगू? चोराच्या मनात चांदणं. माझा डावा कान जवळजवळ बंद झाला होता. गाडीत त्याचं काही अडत नव्हतं. आमच्याकडे गाडीचं चाक डाव्या बाजूला असतं. सगळे माझ्या उजवीकडे नाहीतर मागे बसतात, डावीकडे नुसती खिडकी. दोन वर्षं असंच निभावलं. पण शिबिरात म्हणे गोल करून बसतात, आणि गोल केला की डावीकडेही माणूस येतोच. बुरुलकानला कळलं की किल्ली गेली. घाटाचा रस्ता, आत संस्थेची तरुण पोरं, आणि हाकणारा बहिरा! बायको गेल्यापासून घरी बोलायला कुणी नाही. ती गाडी हेच माझं घर होतं हो.

कुरणावरच्या तंबूत आम्हाला गोल बसवलं. शिबिर घ्यायला शहरातून आझात नावाचा पोरगा आला होता. त्याने रंगीत कागद वाटले, म्हणाला, "मनात साचलंय ते लिहा." सगळ्यांनी लिहिलं, 'सगळं छान चाललंय.' फक्त साल्तनतने, म्हणजे आमच्याकडे कान तपासणाऱ्या पोरीने, लिहिलं, 'आकेंच्या बाजूचं दार चिरचिरतं.'

"माझी गाडी? चिरचिरते?" मी भडकलोच. "तुझ्या तोंडापेक्षा कमीच वाजते!"

मग आझातने कानगोष्टी खेळायला लावल्या. झालं ना! साल्तनत नेमकी माझ्या डावीकडे. तिने कानाशी काहीतरी फुसफुस केली, मला फक्त गरम श्वास लागला. आता काय करू? मी पुढच्याला ठोकून दिलं, "शेळीला ताप आलाय." निघताना वाक्य होतं, 'नदी उतरली, पूल दिसला.' सगळे हसून लोळले. आके म्हणजे भलते मिश्कील! मीही हसून घेतलं.

दुपारी मेंढी शिजली. रिवाजाप्रमाणे मुंडकं सगळ्यात वडीलधाऱ्यापुढे, म्हणजे माझ्यापुढे आलं. ते कापून वाटायचं काम त्याचंच, आणि कुणाला काय द्यायचं त्यालाही अर्थ असतो. टाळू पोरीबाळींची, ती साल्तनतला दिली. डोळा आझातला. "पुन्हा दिसावास म्हणून," म्हटलं. बिचारा पांढराफटक पडला, पण डोळे मिटून गिळला.

राहिले कान. कान लहानांना देतात, मोठ्यांचं ऐकावं म्हणून. एक कापून मी बुरुलकानच्या ताटात टाकला.



"वयाने तू मला लहानच," मी म्हटलं. "दिवसभर दुसऱ्यांचे कान तपासतेस, पण आमचं ऐकतेस का? आपली कामाची पोरं दमली की तू म्हणतेस, अजून एकच गाव. आता खा आणि ऐक."

तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. मग खो खो हसत सुटली. "आणि दुसरा कुणाला, आके?"

चाकू माझ्या हातात तसाच राहिला. तो कान टाकायचा होता एखाद्या तरुणाच्या ताटात आणि मोकळं व्हायचं. पण इतक्या दिवसांनी मी या माणसांच्या तोंडाकडे बघत होतो. गाडीत नुसता रस्ताच दिसतो. कान कापला आणि माझ्याच ताटात ठेवला.

"हा मला," मी म्हटलं. "मला डावीकडून ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली."

बुरुलकानचं हसू मावळलं. "गाडीत आपली पोरं असतात, आके!"

"म्हणूनच सांगतोय." किल्ली काढून मी तिच्यापुढे ठेवली.

तिने किल्ली उचलून खिशात टाकली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्याही. "दिव्याखाली अंधार," ती पुटपुटली. "चार हजार पोरं तपासली मी. आणि आमचा म्हातारा..." एकदम उठली. "साल्तनत, गाडीतून तपासणीचं यंत्र आण!"

आवाज ऐकू आला की लाकडी ठोकळा डब्यात टाकायचा. हा आमच्या पोरांचा खेळ! एकसष्टाव्या वर्षी गवतात मांडी घालून मी लाल-पिवळे ठोकळे टाकत होतो, आणि आझात प्रत्येक ठोकळ्याला टाळ्या वाजवत होता. कान पार गेलेला नव्हता. गावोगाव दाखवायला गाडीत ठेवलेलं एक श्रवणयंत्र त्यांनी माझ्या डाव्या कानात बसवलं. आधी काहीच नाही. मग घोडी गवत ओरबाडतेय, तिचा कुरूमकुरूम आवाज. मग साल्तनतची टकळी.

"हिला बंद कसं करायचं?" मी विचारलं. हशा पिकला.

पण किल्लीचं कुणी नावच काढेना. दुसऱ्या दिवशी सामान आवरलं तरी नाही. मी उतारावर पाठमोरा उभा राहिलो. म्हटलं, सागिन, संपलं बाबा तुझं.

खुळखुळ.

मी वळलो. डावीकडे, पाठीमागे, पाच-सहा पावलांवर बुरुलकान किल्ली हलवत उभी होती.

"हीच शेवटची तपासणी होती," ती म्हणाली. "गावी पोचल्यावर कानाच्या मोठ्या डॉक्टरकडे जायचं, कटकट न करता. आता चला, पोरं खोळंबलीत."

मी धावलोच म्हणा ना. गाडी सुरू केली, उताराला लावली, आणि शंभर पावलांवर ब्रेक मारला.

"हे काय चिरचिरतंय? कधीपासून?"

"दोन वर्षं!" सगळे एकदम ओरडले.