कालची खळ

मित्रांनो, एका पत्रावर मी पाच महिने बसून होते. ते उडू नये म्हणून साहेबांनी मला त्यावर ठेवले, आणि उत्तर काही त्यांच्या हातून लिहून होईना. मी त्यांच्या प्रयोगशाळेतली जुनी, तपकिरी काचेची बाटली. काठाचा टवका उडाला आहे, पण बूच अजून घट्ट बसते.

पत्र साहेबांच्या भाचीचे होते. ती दूरच्या एका खाणीत रसायने सांभाळते. "मामा, आमच्या दगडात तांबं आणि शिसं एकत्रच येतं. शिसं खाली दाबायला आम्ही नारिंगी क्षार घालतो. तो विषारी आहे आणि त्याचं पाणी ओढ्यात जातं. तुम्ही हेच काम खळीनं केलं होतं ना? वर्षअखेर पुन्हा तोच क्षार मागवतील. त्याआधी कृती पाठवा."

ती खळ माझ्याच पोटात असते. दगडाचे पीठ पाण्यात कालवून, औषध घालून हवा सोडली, की तांबे आणि शिसे दोन्ही बुडबुड्यांना धरून वर येऊ बघतात. तेव्हा मक्याच्या स्टार्चची खळ आणि जोडीला गंधकाचा एक पांढरा क्षार घालतात. शिसे निमूट तळाशी राहते, तांब्याचा पितळी फेस वर येतो. कपडे कडक करणारी साधी खळ, पण शिशाला जागेवर बसवते. याचा मला फार अभिमान आहे.

साहेबांचा मात्र स्वतःवर विश्वास नव्हता. दर सोमवारी ते आठवडाभराची खळ शिजवून मला गळ्यापर्यंत भरत. सोमवारी फेस पितळी येई, मंगळवारी करडा, म्हणजे शिसेही वर आलेले. "सोमवारी माझ्या हातून चुकून बरोबर झालं असणार," असे पुटपुटत ते मला पुन्हा पत्रावर ठेवत.

एका गुरुवारी काचसामान धुणाऱ्या मावशींनी माझे बूच काढले आणि नाक मुरडले.

"साहेब, ही कधीची खळ?"

"सोमवारची. का?"

"आंबलीय की. कालची खळ कोणी कपड्यालासुद्धा लावत नाही. दगड बोलत नाही म्हणून काहीही लावायचं?"

साहेबांनी मला नाकाशी धरून वास घेतला. "आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कधी? मला वाटलं, तुमच्या शास्त्रात मुद्दाम आंबवतात."

मावशींनी मला गरम पाण्याने धुतले. साहेब रोज सकाळी ताजी खळ शिजवू लागले. पुढचे आठही दिवस फेस पितळीच आला.

मित्रांनो, आम्हा बाटल्यांना नवे झाकण, नवी चिठ्ठी नको असते. रोज स्वच्छ धुवा, एवढेच पुरे.

नवव्या दिवशी त्यांनी मला बाजूला सरकवले. वर्षअखेरीला तीन आठवडे उरले होते. त्यांनी प्रमाण लिहिले, वेळ लिहिली आणि शेवटी लिहिले, "खळ रोज ताजी कर, बाटली रोज धू. हे मला मावशींनी शिकवलं."

मग पाकीट हातात धरून ते बसून राहिले.

"द्या इकडे," मावशी म्हणाल्या. "नाहीतर परत बाटलीखाली जाईल."

खिडकीतून मी पाहिले. मावशी रस्ता ओलांडून गेल्या आणि त्यांनी पत्र लाल पेटीत टाकले.